व्हायोलिनचा साउंडपोस्ट पडला आहे, घरी बसवता येईल का?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. काल तारा बदलायला बसलो आणि चारही तारा एकदमच काढल्या. फिंगरबोर्ड नीट पुसता येईल, एवढाच विचार होता. तारांना वर उचलून धरणारी लाकडी घोडी आडवी झाली, ती उचलून बाजूला ठेवली. मग पुसण्यासाठी वाद्य उलटं केलं आणि आत काहीतरी खडखडलं. एफ-छिद्रातून (वरच्या पाटीवरच्या f आकाराच्या भोकातून) मोबाइलचा दिवा धरून पाहिलं तर पेन्सिलीएवढी जाड आणि बोटाच्या दोन पेरांएवढी लांब एक गोल काडी आत लोळत होती. वाचून कळलं की तो साउंडपोस्ट, म्हणजे आतला आधाराचा खांब.

हे वाद्य वडिलांचं. ते गेल्यावर बरीच वर्षं पेटीत होतं, दोन वर्षांपासून मी शिकतो आहे. त्यामुळे हात लावायची भीती वाटते आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचीही वाटते. माझे प्रश्न:

तो खांब घरी परत उभा करता येतो का? तोवर नव्या तारा सैल चढवून ठेवू का, की नकोच? आणखी एक गोष्ट. जी (G) तारेवर एका ठराविक स्वरावर बरेच दिवस झर्र असा आवाज येत होता. आज नीट पाहिलं तर चिन-रेस्टच्या (हनुवटी टेकवायच्या भागाच्या) शेजारी, वरची पाटी आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसते आहे. याचा त्याच्याशी संबंध असेल का?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

रंधा

आधी सर्वांत महत्त्वाचं: तारा चढवू नका. सैलसुद्धा नको, कारण सैल म्हणून चढवलेली तार आपण नकळत पिळत जातो.

व्हायोलिनच्या चार तारांचा मिळून ताण २२ ते २५ किलोच्या आसपास असतो. त्यातला ७ ते ९ किलोचा दाब घोडीच्या दोन पायांतून थेट वरच्या पाटीवर उतरतो. ती पाटी २.५ ते ३ मिलिमीटर जाडीची, स्प्रूससारख्या मऊ लाकडाची. घोडीच्या डाव्या पायाखाली आतून बेसबार (लांब लाकडी पट्टी) चिकटवलेला असतो, त्यामुळे त्या बाजूला आधार आहे. उजव्या पायाला, म्हणजे ई तारेच्या बाजूला, आधार फक्त साउंडपोस्टचा. तो नसताना तारा ओढल्या की पाटी तिथे खचते, आणि तिथे तडा गेला तर ती व्हायोलिनच्या सर्वांत वाईट जखमांपैकी एक. पाटी उघडून आतून लाकडाचं ठिगळ बसवावं लागतं. तुम्ही तारा नसताना खांब पाडलात हे बरंच झालं. घाबरू नका, वाद्याला काही झालेलं नाही.

आता घरी काय करावं याबद्दल. आतले भाग मी दोन प्रकारांत धरतो. काही भाग नुसत्या दाबावर आणि घट्टपणावर उभे असतात: साउंडपोस्ट, घोडी, खुंट्या, मागची एंडपिन (वाद्याच्या खालच्या टोकाची खुंटी). काही सरसाने चिकटवलेले असतात: बेसबार, कोपऱ्यांतले ठोकळे, कडेच्या आतल्या बारीक पट्ट्या, पाट्यांचे सांधे. पहिल्या प्रकाराला संयम असलेला माणूस घरी हात लावू शकतो, कारण चूक झाली तरी काढून परत बसवता येतं. दुसऱ्या प्रकाराला घरी हात लावू नये. तुमची फट दुसऱ्या प्रकारातली आहे, ती कारागिराकडेच द्या. झर्र आवाज बहुतेक तिथूनच येतो, पण त्याबद्दल नंतर लिहितो.

तरंगलांबी

रंधा यांनी आधाराबद्दल लिहिलं, पण या काडीचं काम फक्त पाटी पेलण्याचं नाही. फ्रेंचमध्ये तिला 'आम' म्हणतात आणि इटालियनमध्ये 'आनिमा'. दोन्हींचा अर्थ आत्मा. ते का, हे समजलं तर पुढची जुळवणी करताना हात आपोआप जपून चालेल, म्हणून थोडं लिहितो.

गज तारेला आडवा ओढतो, त्यामुळे तारही आडवी हलते. घोडी हे आडवं हलणं आपल्या पायांवर डुलून पाटीपर्यंत पोचवते. आत खांब नसेल तर एक पाय खाली जाताना दुसरा वर येतो, पाटीचा एक भाग हवा ढकलतो तेव्हा दुसरा तेवढीच ओढतो, आणि खालच्या स्वरांत हिशेब जवळजवळ शून्य होतो. खांब उजव्या पायाजवळची जागा रोखून धरतो. मग घोडी त्या बाजूभोवती डुलते, डावा पाय बेसबारसकट पाटीचा मोठा भाग वर-खाली हलवतो, आणि वाद्याची पोकळ पेटी खरोखर श्वास घेतल्यासारखी हवा आत-बाहेर करते. खांब काढून वाजवलेलं व्हायोलिन पोकळ आणि दुबळं ऐकू येतं ते यामुळे.

पेटीतल्या हवेचा स्वतःचाही एक अनुनाद असतो, साधारण २७० ते २८० हर्ट्झवर, म्हणजे डी तारेच्या सुट्या स्वराच्या जरासा खाली. सुटी जी तार १९६ हर्ट्झची. तिथे पेटी मूळ स्वर फारच थोडा बाहेर टाकते; आपला कान वरच्या स्वरांशांवरून तो ओळखतो. म्हणून खांब थोडा इकडे-तिकडे झाला की जी तारेचा पोत सर्वांत आधी बदलल्यासारखा वाटतो.

मंद्रसप्तक

दोघांचे मनापासून आभार. रात्री जरा शांत झोप लागेल.

एक शंका. हा खांब मूळचा असेल का? वडिलांच्या वेळचा, किंवा वाद्य बनलं तेव्हाचा? तो बदलावा लागला तर वाद्य तेच राहील का, असं मनात येतंय.

रंधा

राहील. साउंडपोस्ट आणि घोडी हे झिजणारे, बदलले जाणारे भाग आहेत. स्त्रादिवारी १७३७ साली वारले. त्यांची जी वाद्यं आज मैफिलीत वाजतात त्यांतल्या बहुतेकांचे बेसबार आणि मानेचे कोन १९व्या शतकात बदललेले आहेत, कारण तारांचा ताण वाढला आणि जुने बारीक बार पुरेनात. त्या वाद्यांचा आवाज त्यांचाच राहिला. वडिलांचं वाद्य म्हणजे पाट्या, त्यांचा उंचवटा, त्यांचं वॉर्निश. जुना खांब निघालाच तर वाद्य ठेवायच्या पेटीच्या खिशात जपून ठेवा.

आता काम. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: एस आकाराचं सेटर, म्हणजे खांब उभा करायचं हत्यार (एक टोक धारदार, दुसऱ्याला बोथट दात), दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा, बारीक एलईडी दिवा, जाड पण लवचिक कागदाची पट्टी, शिसपेन्सिल, मऊ जाड कापड. सेटर तारेचं वाकवून घरी करतात लोक, पण मी तसं सुचवणार नाही. त्याचे खरखरीत काठ एफ-छिद्राची कड खातात.

१. आधी खांब बाहेर काढा. एफ-छिद्राचं खालचं गोल भोक वरच्यापेक्षा मोठं असतं. वाद्य पालथं धरून खांब हळूहळू त्या भोकाशी आणा. घाई केली की तो आडवा अडकतो.

२. हातात घेऊन दोन्ही टोकं बघा. ती सपाट कापलेली नसतात, तिरपी असतात. पाट्या मध्ये फुगीर आणि कडेकडे एकमेकींच्या जवळ येणाऱ्या, म्हणून खांबाची बाहेरच्या बाजूची उंची आतल्या बाजूपेक्षा किंचित कमी. बहुतेक जुन्या खांबांवर सेटर खुपसल्याची बारीक खाच असते. तीच खाच वापरा. खांब ज्या अंगाने पूर्वी उभा होता त्याच अंगाने उभा राहील.

३. खांबावरच्या वाढीच्या रेषा बघा. उभा राहिल्यावर त्या वरच्या पाटीच्या रेषांना आडव्या, काटकोनात यायला हव्यात. समांतर आल्या तर खांबाच्या कडक रेषा पाटीच्या मऊ भागात रुततात.

४. एंडपिन काढा. तारा नाहीत, त्यामुळे ती निघेल. त्या भोकातून आत पाहिलं की खांब सरळ आहे की नाही ते जसं दिसतं तसं एफ-छिद्रातून कधीच दिसत नाही.

५. सेटरचं धारदार टोक खांबाच्या मध्यापेक्षा थोडं वर, खाचेत घट्ट बसवा. उजव्या एफ-छिद्रातून आत न्या. आधी खालचं टोक पाठीच्या पाटीवर टेकवा, मग वरचं टोक वरच्या पाटीखाली आणून खांब स्वतःकडे, एफ-छिद्राच्या बाजूला ओढा. तिकडे आतली उंची कमी होत जाते, त्यामुळे तो एका जागी धरतो. धरला की सेटर हलकेच फिरवून सोडवा.

पहिल्या प्रयत्नात होत नाही. माझं पहिल्यांदा एक अख्खी संध्याकाळ चाललं होतं. हात थकला की थांबा. थकलेल्या हाताने सेटर घसरतो आणि कड दुखावते.

गजकरी

रंधा, माहिती सुरेख आहे, पण मी याच्याशी सहमत नाही. घरी करू नये असंच मी सांगेन. माझ्या आधीच्या वाद्यावर कोणीतरी घरी हे सगळं केलेलं होतं. ई बाजूच्या एफ-छिद्राची आतली कड ठिकठिकाणी चेपलेली, वॉर्निश उडालेलं, आणि पाठीच्या पाटीला आतून खांब घासत नेल्याचे चरे. पाटीचे चरे बाहेरून दिसत नाहीत, पण कारागिराने आरशात दाखवले तेव्हा वाईट वाटलं. ज्याने केलं त्याचीही इच्छा चांगलीच असणार.

रंधा

तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. ती कड स्प्रूसची असते, नखानेही दबते. म्हणून माझ्या दोन अटी: सेटरच्या ज्या भागाचा कडेशी संबंध येतो त्यावर पातळ चिकटपट्टी गुंडाळायची, आणि उभा असलेला, ताणाखालचा खांब कधीही घासत ओढायचा नाही. हलवायचा तर आधी तारा उतरवायच्या. या दोन अटी पाळायची तयारी नसेल त्याने कारागिराकडेच जावं. वाद्य फार जुनं किंवा मोलाचं असेल तर मीसुद्धा तेच सांगेन.

शुद्धगंधार

वाचनखूण साठवली. माझ्या मुलीच्या अर्ध्या मापाच्या व्हायोलिनलाही हेच लागू होतं का? तिच्या वाद्याची घोडी सारखी पुढे झुकते.

रंधा

तत्त्व तेच, मापं लहान. पूर्ण मापाच्या वाद्यात खांब ६ मिमीच्या आसपास जाड, अर्ध्या मापाला त्याहून बारीक. घोडी झुकते ती सूर लावताना: खुंटी पिळली की तार फिंगरबोर्डकडे सरकते आणि घोडीचा माथा बरोबर नेते. दर वेळी सूर लावून झाला की बाजूने बघा. घोडीची टेलपीसकडची (तारा खाली जिथे अडकवतात त्या पट्टीकडची) बाजू पाटीला काटकोनात हवी. झुकली असेल तर दोन्ही हातांची बोटं टेलपीसवर किंवा पाटीवर टेकवून, अंगठा आणि तर्जनी यांत माथा धरून हळूच मागे घ्या. घोडीच्या खाचांत शिसपेन्सिल फिरवली की तार सरकते आणि माथा ओढत नाही. झुकलेली तशीच राहिली तर काही महिन्यांत घोडी कायमची वाकते.

मंद्रसप्तक

तीन दिवसांनी लिहितोय. सेटर आणि आरसा मिळाले. सेटरला चिकटपट्टी गुंडाळली. काल दीड तास आणि आज तासभर झटलो. खांब आज उभा राहिला! एंडपिनच्या भोकातून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. बाजूच्या पट्ट्या, कोपऱ्यांतले ठोकळे, बेसबारची लांब कड, सगळं त्या लहानशा दिव्यात एखाद्या खोलीसारखं दिसत होतं.

पण दोन अडचणी. खांब उभा आहे, तरी वाद्य जरा हलवलं की डुलतो. आणि आरशात पाहिलं तर वरच्या टोकाशी मानेच्या बाजूला बारीक फट दिसते, मागच्या बाजूला तो टेकलेला आहे.

रंधा

फार छान. आता खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. त्यांना वाटतं खांबाची जागा महत्त्वाची. जागा महत्त्वाची आहेच, पण आधी बैठक. टोक पूर्ण टेकलेलं नसेल तर खांब कुठेही ठेवा, सगळा दाब एका कडेवर येतो. ती कड पाटीत रुतते, वळ उमटतो आणि आवाज कोंदट होतो.

फट एका बाजूला आहे याचा अर्थ खांब तिरका उभा आहे, किंवा टोकाचा उतार त्या जागेला जुळत नाही. आधी पहिलं तपासा. एंडपिनच्या भोकातून डावी-उजवी बाजू बघा आणि एफ-छिद्रातून पुढे-मागे. वरचं टोक मागे झुकलेलं असेल तर सेटरच्या बोथट टोकाने खालचं टोक मागे घ्या, किंवा वरचं पुढे. ठोकायचं नाही, टिचकी मारल्यासारखं हलकं.

सरळ करूनही फट राहिली तर उतार जुळत नाही. पूर्वी खांब दुसऱ्या जागी असेल आणि त्या जागेसाठी कापला असेल. टोकाला खडू लावून उभा करायचा, काढायचा, खडू कुठे पुसला ते बघायचं, आणि तिथलं केसाएवढं लाकूड धारदार पटाशीने काढायचं, असं करतात. पॉलिश पेपर नको, त्याने टोकाच्या कडा गोल होतात. पण कापलं की उंची कमी होते हे लक्षात ठेवा. तुमचा खांब आधीच डुलतोय, म्हणजे कापायला जागा नाही.

तरंगलांबी

डुलण्याबद्दल एक भर. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. खांबाच्या रेषा उभ्या, म्हणून त्याची उंची बदलत नाही. पाटीच्या रेषा लांबीच्या दिशेला, म्हणून ती रुंदीत फुगते आणि तिचा उंचवटा वर चढतो. दमट दिवसांत खांब सैल होतो, कोरड्या दिवसांत घट्ट. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवली की हे खेळ कमी होतात. सध्या तुमच्याकडे हवा दमट आहे का?

मंद्रसप्तक

हो, खूप. आणि सांगायला हवं होतं ते राहिलं: खांब मी जुन्या खुणेपेक्षा बराच आत, घोडीच्या मधल्या भागाकडे ठेवला होता. पाटीवर आतून जुन्या खांबाचा गोल वळ दिसतो, तो बाहेरच्या बाजूला आहे.

रंधा

मग उत्तर मिळालं. आतली उंची मध्याकडे वाढत जाते. त्याच खांबाला आत नेलं की सैल, बाहेर नेलं की घट्ट. जुन्या वळावर नेऊन बघा. तिथे उतारही जुळण्याची शक्यता जास्त, कारण तो तिथल्यासाठी कापलेला असणार.

जागा ठरवायची रीत अशी. घोडी दोन्ही एफ-छिद्रांच्या आतल्या खाचांच्या ओळीत, मधोमध उभी करायची. पूर्ण मापाच्या वाद्यात वरच्या कडेपासून ही ओळ १९५ मिमीच्या आसपास येते. खांब घोडीच्या उजव्या पायाच्या मागे, म्हणजे टेलपीसच्या बाजूला, पायाच्या मागच्या कडेपासून २ ते ३ मिमी सोडून. आडव्या दिशेने त्याची बाहेरची कड पायाच्या बाहेरच्या कडेपेक्षा किंचित आत. मोजायला कागदाची पट्टी एफ-छिद्रातून खांबाला टेकेपर्यंत सरकवा, छिद्राच्या कडेशी पेन्सिलने खूण करा, पट्टी बाहेर काढून तशीच पाटीवर धरा. खांब आत कुठे आहे ते बाहेरून दिसतं. साधी युक्ती, पण मोठमोठ्या कारागिरांनाही हीच करताना पाहिलंय.

गजकरी

एंडपिन परत लावण्याआधी आतली धूळही काढून घ्या. कोरड्या तांदळाची एक मूठ एफ-छिद्रातून आत घालून हलकेच फिरवायची आणि परत ओतून काढायची. वर्षानुवर्षांची धूळ गोळा होऊन बाहेर येते. अर्थात खांब उभा करण्यापूर्वी.

(माझा विरोध कमी झालाय असं समजायला हरकत नाही. तुम्ही ज्या जपणुकीने करताय ते वाचून बरं वाटतं.)

सुटीतार

फटीबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. एवढ्याशा फटीत पांढरा सुतारी गोंद सुईने सोडून वर वजन ठेवलं की काम झालं. मी माझ्या वाद्याला केलंय, तीन वर्षं टिकलंय.

रंधा

कृपया हे करू नका. कुणीही करू नका. मला हे जरा जोरात लिहावं लागतंय.

व्हायोलिनच्या पाट्या जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवतात. तो पाण्यात फुगवून, भांड्याखाली गरम पाणी ठेवून ६० अंशांच्या आसपास पातळ करतात. या सरसाला गरम ओलावा दिला की तो सुटतो. आणि पाटी चिकटवताना तो मुद्दाम कमी ताकदीचा ठेवतात. हवा कोरडी पडून पाटी आकसली, किंवा वाद्याला धक्का बसला, तर सांधा उघडावा आणि पाटी वाचावी म्हणून. तुमची फट म्हणजे सांध्याने आपलं काम केलं. कारागीर ती फट स्वच्छ करून नवा सरस भरतो, पकडी लावतो, दुसऱ्या दिवशी वाद्य तुमच्या हातात.

तिथे पांढरा गोंद गेला की तो लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि नवा सरस तिथे धरत नाही. पुढच्या वेळी सांधा उघडण्याऐवजी पाटी फाटते. आणि पाटी उघडायची वेळ आली, बेसबारसाठी किंवा तड्यासाठी, तर तिथलं लाकूड उपटून येतं. तीन वर्षं टिकलं हाच तर त्रास आहे. झटपट चिकटणारा पातळ गोंद त्याहून वाईट, तो वॉर्निशही खातो.

सुटीतार

हे माहीत नव्हतं. सांध्याने उघडायचं असतं, हा विचारच कधी केला नव्हता. माझं वाद्य कारागिराला दाखवतो आणि गोंद भरल्याचं आधीच सांगतो.

रंधा

आधीच सांगताय हे फार चांगलं. त्याचे निम्मे कष्ट वाचतील.

झर्र आवाजाचं राहिलं होतं. पेटीच्या कडेने सगळीकडे बोटाच्या सांध्याने हलकं टकटक करत जा. चिकटलेली जागा भरीव वाजते, उघडलेली टपटप करते. चिन-रेस्टजवळची जागा घामामुळे पुष्कळदा उघडते. पण प्रत्येक झर्र फटीचा नसतो. फाइन ट्यूनरचा (टेलपीसवर सूर बारीक जुळवायच्या भागाचा) सैल स्क्रू, टेलपीसला टेकलेला चिन-रेस्ट, तारेची सुटलेली गुंडाळी, हे आधी बघा. सुट्याच तारेवर झर्र येत असेल तर वरच्या नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच फार खोल गेलेली असते. नटपाशी तार फिंगरबोर्डपासून साध्या कार्डाच्या जाडीएवढी वर हवी. यातलं काहीच नसेल आणि आवाज आतून, खोलून येतोय असं वाटलं तर बेसबार एका टोकाला सुटलेला असू शकतो. तिथे घरचं काम थांबतं.

मंद्रसप्तक

टकटक करून पाहिलं. चिन-रेस्टजवळ दोन इंचांचा भाग टपटप वाजतो, बाकी सगळं भरीव आहे. खांब जुन्या वळावर नेला. तिथे तो टोकापासून टोकापर्यंत टेकला, आरशात फट दिसत नाही, डुलत नाही. कागदाच्या पट्टीने मोजलं तर घोडीच्या पायामागे साधारण अडीच मिमी.

वाद्य आधी कारागिराकडे नेऊन सांधा बंद करून घ्यायचा की तारा चढवून बघू?

रंधा

आधी सांधा. उघडा सांधा ताणाखाली ठेवला तर बाजूची पट्टी जागेवरून सरकते आणि मग काम वाढतं. आणि खांब तुम्ही बसवला आहे हे त्याला सांगा, तो तपासून देईल.

तारा चढवताना: टेलपीसखाली मऊ कापड ठेवा, म्हणजे फाइन ट्यूनर पाटीवर आपटणार नाहीत. चारही तारा सैल लावा, घोडी उभी करा, मग आळीपाळीने थोडा थोडा ताण. एक तार पूर्ण सुरात आणि बाकीच्या सैल, असं नको. आणि इथून पुढे एका वेळी एकच तार बदलायची.

तरंगलांबी

आवाज जुळवण्याची घाई करू नका. नव्याने उभ्या केलेल्या खांबाला आणि पाटीला एकमेकांत बसायला काही दिवस लागतात. पहिल्या दिवशीचा ताठर आवाज आठवड्याने मोकळा होतो.

शुद्धगंधार

खांब हलवून आवाज हवा तसा करता येतो म्हणतात. कुठे नेला की काय होतं?

रंधा

सर्वसाधारणपणे घोडीजवळ आणला की आवाज टोकदार, लगेच बोलणारा पण कडक होतो. मागे नेला की मऊ आणि थोडा सैल. आत-बाहेर हलवल्यावर काय होतं यावर कारागीर भांडतात, आणि त्याचं कारण वर येऊन गेलंय: आत-बाहेर हलवलं की घट्टपणाही बदलतो. ऐकू येणारा फरक जागेचा की दाबाचा, हे त्याच खांबाने वेगळं करता येत नाही. म्हणून मी एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हलवत नाही, एकाच दिशेने हलवतो, आणि प्रत्येक वेळी वहीत लिहितो. परत मूळ जागी येता यायला हवं.

गजकरी

एक गोष्ट जोडतो. जे तारा षड्ज-पंचमात, नेहमीच्या स्वरांपेक्षा खाली लावतात, त्यांचा घोडीवरचा दाब कमी असतो. कारागिराने पाश्चात्त्य स्वरांत लावून जुळवलेला खांब आपल्या सुरात वेगळा वागतो. वाद्य देताना आपला षड्ज सांगा आणि त्याच सुरात ऐकून जुळवायला सांगा. मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

मंद्रसप्तक

दहा दिवसांनी. सांधा बंद होऊन वाद्य काल घरी आलं. कारागिराने खांब तपासला, जागेवरच ठेवला, फक्त घोडीचा एक पाय किंचित टेकवून घेतला. मी त्यांना आमचा षड्ज सांगितला होता. त्यांनी त्यात वाजवून पाहिलं.

रात्री तारा चढवल्या. कापड ठेवलं होतं. घोडी दर थोड्या पिळाने बाजूने बघत होतो. जी तारेवरचा तो झर्र गेला. त्या स्वरावर मी बराच वेळ गज ओढत बसलो, आई दाराशी येऊन ऐकत उभी होती. आज सकाळी घोडी पाहिली, पाव मिलिमीटर पुढे झुकली होती, मागे घेतली. कागदाच्या पट्टीवरची खूण पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवली आहे, अडीच मिमी, तारखेसकट.